खोडलेला ‘ले’

“माझे नाव रुपराव मेश्राम. मी गेली पन्नास वर्षे नागपूर शहरात फलक रंगविण्याचे काम करीत आहे.”

कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या वंदनानं कपाळाला हात लावला. फलक म्हणे! ज्या माणसानं जन्मभर बोर्डाला बोर्ड आणि डब्याला डब्बा म्हटलं, तो आज फलक रंगवायला लागला होता. वर आणखी ‘करीत आहे’. रेडिओवरच्या बातम्यांतूनसुद्धा तो ‘करीत’ कधीचा रिटायर झाला असेल.

“बाबा, नेहमीसारखं बोला ना. घरात बोलता तसं.”

“मी घरातच बसलेलो आहे,” रुपराव म्हणाले, “आणि नेहमीसारखाच बोलतो आहे.”

हे मात्र खरं होतं, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खात होतं. तिच्याशी ते नेहमी असेच बोलत. अठ्ठावीस वर्षं झाली.

श्रीधरनं कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. हा नागपूरलगतच्या बेसाचा राहणारा, आवाज टिपण्याच्या कामात मुरलेला चाळिशीचा गडी. लग्नांपासून सिनेमापर्यंत सगळी कामं केलेला, त्यामुळे कुणाची भीड बाळगत नसे. रुपराव पाणी प्यायला आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, “मॅडम, तुम्हाले राग नसन येत त एक सांगू? काका माझ्याशी मस्त बोलते. तुम्ही समोर आल्या का रेडिओ लागते.”

वंदनाला राग आला नाही. राग कशाचा यायचा? हे तिला ठाऊकच होतं.

शनिवार होता. गुरुवारी रुपरावांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. गाठ स्वरयंत्रावर होती. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून बापलेकीला नीट समजावलं होतं की स्वरयंत्र काढावंच लागेल, जीव राहील, आवाज राहणार नाही. रुपरावांनी तो कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “चित्र बरोबर काढलं तुमी डाक्टरसाहेब. ही एक रेघ उलूसी जाड झाली.” डॉक्टर हसले. मग रुपराव वंदनाकडे वळून म्हणाले, “काळजी करू नकोस. सर्व काही ठीक होईल.” डॉक्टरला ‘उलूसी’ आणि पोटच्या पोरीला ‘सर्व काही’.

नागपूरच्या हातानं रंगवलेल्या बोर्डांवर तिचा सिनेमा तयार होत आला होता. चित्रण जवळजवळ झालं होतं, आता चित्रांवर बोलणारा आवाज हवा होता, आणि तो बाबांचाच असणार हे तिनं दिल्लीहून निघतानाच ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर सिनेमा गेला खड्ड्यात. तिलाच तो आवाज हवा होता. हा रेडिओवरचा नको. तो पहिला, लहानपणचा. तो मिळवायला तिच्याकडे पाच दिवस होते.

लहानपणी नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारामागं त्यांची दोन खोल्यांची जागा होती. पुढच्या खोलीत ‘रूप आर्ट’. टर्पेंटाइनचा वास इतका, की आई रुखमाबाई म्हणायची, आमच्या भाकरीलेही पॉलिश असते. वंदना शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि दोरीचं टोक धरायची. बोर्डावर सरळ रेघ मारायची तर पट्टी पुरत नाही. दोरीला खडू फासायचा, एक टोक इकडे, एक तिकडे, मध्ये चिमटीत धरून ताणायची आणि सोडायची. फट्. लांबच्या लांब पांढरी रेघ उमटायची, आणि तिच्या खाली बाबांची अक्षरं लटकायला मोकळी व्हायची. “दोरी धर वं वंदू. ढिली नोको सोडू. ढिली सोडली त दुकानदाराचं नाव पोटात दुखल्यावाणी दिसन.” हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल, याची मोजदाद नाही. त्या वेळी तिला त्या वाक्याचा कंटाळा यायचा. आता तेच वाक्य मिळावं म्हणून ती विमानानं आली होती.

रुपरावांचं शुद्धलेखन चोख होतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला बोर्ड रस्त्यात दिसला तर सायकल थांबवून हळहळायचे. बोलायचं वेगळं आणि लिहायचं वेगळं, हे त्यांनी पक्कं ठरवून टाकलेलं. तोंडात दिवसभर ‘मले-तुले-त्याले’, पण बोर्डावर एकदाही ‘ले’ उतरला नाही. एक नियम त्यांनी वंदनालाही शिकवला होता. गिऱ्हाइकानं चूक दाखवली तर वाद घालायचा नाही. त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, वाळू द्यायचा, नीट लिहायचं. आणि एकदा खोडलेलं अक्षर पुन्हा काढायचं नाही. हातालाही ते विसरायला लावायचं.

तर अशा माणसाची पोर बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याकडे तिनं सांबाराची जुडी मागितली, तो म्हणाला, सांबार हॉटेलात मिळतं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्याला कोण सांगणार. नागपूरचा प्रत्येक माणूस पुण्यात हा किस्सा एकदा भोगतो आणि मग जन्मभर हसत सांगतो. वंदनाला तेव्हा हसू आलं नाही. तिनं तोंड मिटलं आणि तीन महिन्यांत स्वतःची भाषा घासूनपुसून लख्ख केली. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘काहून’चं ‘का’ झालं. ‘करून राहिली’ तर अशी गेली, की स्वप्नातही यायची बंद झाली.

दुसऱ्या वर्षी रुपराव तिला भेटायला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांत निळा रंग, आणि हातात टोपलं. काटोलच्या गोपाळरावांनी, म्हणजे कळमन्यात संत्र्याची अडत असलेल्या त्यांच्या दोस्तानं, बागेतून निवडून दिलेले संत्रे. होस्टेलच्या भेटीच्या खोलीत वंदनाच्या दोन मैत्रिणी होत्या. रुपराव मोकळेपणी म्हणाले, “मले वाटलं, पोरीले भेटून घ्यावं. लय दिवस झाले. हे संत्रे काटोलचे हायेत, खाऊन पाहा.”

एका मैत्रिणीनं ओठ चावला. दुसरी छताकडे पाहायला लागली.

आणि वंदना म्हणाली, “मले नाही बाबा. मला. आणि संत्रे नाही, संत्री.”

रुपराव क्षणभर थांबले. गिऱ्हाइकानं बोर्डावर बोट ठेवल्यावर थांबायचे, अगदी तसेच. मग मान हलवून म्हणाले, “हो. मला. मला वाटलं, भेटून घ्यावं.”

त्या पोरींनी संत्री खाल्ली, साली खिडकीत ठेवल्या आणि सगळं विसरून गेल्या. विसरले नाहीत ते बापलेक. त्यानंतर रुपराव लेकीशी एकदाही ‘मले’ म्हणाले नाहीत. फोनवर नाही, पत्रात तर नाहीच. आई गेली त्या दिवशीसुद्धा त्यांनी फोनवर सांगितलं, “तुझी आई आपल्याला सोडून गेली आहे.” त्या ‘गेली आहे’नं वंदनाला आईच्या जाण्याइतकंच रडवलं होतं, पण हे ती कोणाला सांगणार होती?

पुण्यातल्या त्या दुसऱ्याच वर्षी तिनं संध्याकाळच्या इटालियनच्या वर्गात नाव घातलं. लोकांनी विचारलं, इटालियन काहून? जर्मन शिकतात, फ्रेंच शिकतात, पोटापाण्याला उपयोग होतो. ती काहीतरी मोठं उत्तर द्यायची, चित्रकला, संस्कृती वगैरे. खरं कारण साधं होतं. त्या वर्गात सगळेच अडाणी होते. पेठेतल्या पोरीही तितक्याच चुकत जितकी कळमन्याची पोर चुके. कोणी कोणाकडे पाहून ओठ चावत नसे.

दोनएक महिन्यांनी बाईंनी फळ्यावर एक सर्वनाम लिहिलं. ‘ले’. म्हणाल्या, याचा अर्थ ‘तिला’. ‘ले दीको’ म्हणजे ‘मी तिला सांगतो’. वर्ग घोकायला लागला. मागच्या बाकावर वंदनाला घोकायची गरजच पडली नाही. तिले सांगतो! पण वर्गात ती एक शब्द बोलली नाही. नंतरही नाही.

पुढं शिष्यवृत्ती मिळाली, इटलीत बोलोन्याला गेली, तिथंच पीएच.डी. केली. विषय कोणता, तर बोलीभाषा. हसू नका. इटलीत दर वीस कोसांवर बोली बदलते, आणि शाळेतल्या भाषेपुढं त्या बोली कशा लाजून गप्प बसल्या, यावर तिनं चारशे पानं लिहिली. डोंगरातल्या एका खेड्यात एका म्हातारीसमोर ती रेकॉर्डर घेऊन बसायची. म्हातारी शेजारणीशी बोलीत भांडायची, आणि शहरातून शिकलेली लेक आली की शाळेतली भाषा काढायची, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या काढाव्यात तशी. वंदनानं त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. प्रोफेसरांनी वाखाणलं. त्याच संध्याकाळी तिनं घरी फोन लावला, आणि पलीकडून आवाज आला, “तू कशी आहेस? तुझे जेवण झाले का?” तिनं म्हटलं, झालं बाबा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तिथल्या जुन्या दुकानांच्या भिंतींवरची रंगवलेली नावं ती पाहायला लागली. कोपऱ्यात रंगाऱ्याची बारीक सही असायची. तिनं फोटो काढले, मग त्या अक्षरांवरून स्वतः चित्रं केली, प्रदर्शनं झाली. दिल्लीच्या विद्यापीठात इटालियन शिकवायला लागली आणि चारपाच वर्षांत दृश्यकलेच्या विभागात जाऊन बसली. चित्रं बोलत नाहीत म्हणून हातात कॅमेरा घेतला. कळमन्यातले लोक रुपरावांना म्हणत, तुह्या पोट्टीचं काही एका ठिकाणी टिकत नाही गा. रुपराव म्हणत, टिकते. तुमाले दिसत नाही. पण हे तिला फार उशिरा, दुसऱ्यांकडून कळलं. ती भाषेतून चित्रात आणि चित्रातून सिनेमात जी फिरत होती, ती घाण्याच्या बैलासारखी त्या एका पुढच्या खोलीभोवतीच फिरत होती. शिकलेल्या माणसाला हे कळायला अंमळ वेळ लागतो.

सोमवारी तिघं कळमन्याला गेले. गोपाळरावांच्या गाळ्यावर रुपरावांनी चाळीस वर्षांपूर्वी रंगवलेला बोर्ड अजून होता, त्याचं चित्रण करायचं होतं. संत्र्याचा हंगाम, आवारात ढीगच ढीग, आणि थंडीतल्या उन्हात सगळीकडे तो सालीचा वास. श्रीधरनं रुपरावांच्या खिशाला माइक लावला. वंदना बाहेर बोर्डाकडे कॅमेरा लावून उभी राहिली आणि रुपराव आत गोपाळरावांजवळ गादीवर जाऊन बसले.

श्रीधरनं हेडफोन तिच्या कानांवर ठेवले.

“घसा दुखून राहिला काय गा?” हे गोपाळराव.

“दुखत नाही गा. घोगरा झाला तेवढा.” हे बाबा. “गुरवारी काढून टाकतेत म्हंते डाक्टर. मंग काय, मुका बैल.”

“तू मुका? बापा! मंग कळमन्यात झगडा कोण करन?”

दोघं हसले. वंदनाच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला. हाच तो आवाज. घोगरा झालेला, फाटलेला, पण तोच. पुढच्या खोलीतला, टर्पेंटाइनचा.

“पोरगी आली ना?”

“आली ना. माह्यावर सिनेमा काढून राहिली.” आवाजात कौतुक मावत नव्हतं. “पण तिच्यासमोर तोंड सांभाळून बोला लागते गा. लय शिकली ते. माह्या तोंडून एखांदा शब्द चुकला, त चारचौघांत तिले खाली पाहा लागन.”

“तुह्याच पोट्टीसमोर सांभाळतं?”

“तिच्यासमोरच त. बाकीच्याचं काय हाये.”

वंदनानं हेडफोन काढले. श्रीधर खुशीत होता. “पाऊण तास आहे मॅडम असा. सोनं आहे सोनं. आता काकाले काही विचाराची गरज नाही.”

खरंच नव्हती. जे हवं होतं ते सगळं रेकॉर्डरच्या त्या डबीत आलं होतं, आणि माइक चालू असल्याचा बाबांना पत्ताही नव्हता. पण तिला ते नकोसं झालं. गोपाळरावांसाठीचं बोलणं तिनं भिंतीला कान लावून चोरलं होतं. तिच्यासाठीचं अजून बाबांच्या घशातच अडकलेलं होतं, आणि गुरुवारी घसाच जाणार होता. ती श्रीधरला म्हणाली, “हे वापरायचं नाही.” श्रीधरनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं डोकं फिरलेल्या माणसाकडे पाहतात.

मंगळवारी दुपारी अंगणात ऊन होतं. बुधवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं, म्हणजे हाच दिवस. रुपराव खुर्चीत बसले होते. समोर एक जुना कोरा बोर्ड भिंतीला टेकवलेला, शेजारी खडूचा डबा. श्रीधर पायरीवर चहा पीत होता.

वंदना खाली जमिनीवरच बसली. “बाबा, काल गोपाळकाकांकडे तुमच्या खिशातला माइक चालू होता. मी सगळं ऐकलं.”

रुपरावांनी खडूचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, “ते पुसून टाक.”

“टाकते.”

“बरे झाले सांगितलेस. त्यात भाषा अशुद्ध होती.”

हे ऐकल्यावर मात्र तिला राहवलं नाही. “अशुद्ध नव्हती बाबा. पुण्याला मी चुकले होते. ‘मले’ चूक नव्हतं. चूक माझी होती, मला तुमची लाज वाटली. अठ्ठावीस वर्षं मला ती लाज वाटल्याची लाज वाटते आहे.”

रुपरावांनी हातानंच तिला थांबवलं. घोगऱ्या आवाजात थांबून थांबून बोलले. “तू समजतेस तसे नाही. मला राग आला नव्हता. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेले होते. घरी येऊन ते एवढेच म्हणाले, आता शिकायचे. ते शिकले नाहीत, मी अर्धवट शिकलो. आणि मग माझ्या घरात माझी चूक दाखवणारे कोणीतरी निघाले. पुण्याहून परतताना गाडीत मी पूर्ण रस्ताभर ‘मला, मला’ म्हणत आलो. आनंदाने म्हणत आलो.”

इतकी वर्षं ती ज्याला जखम समजत होती, ती त्यांनी मेडलसारखी छातीला लावली होती. आणि त्या मेडलपायी दोघांचं बोलणं बंद पडलं होतं.

तिनं खडू उचलला आणि कोऱ्या बोर्डावर रोमन लिपीत दोन अक्षरं लिहिली.

“हे इटालियन आहे बाबा. याचा उच्चार ‘ले’. अर्थ माहीत आहे काय? तिले. ‘ले दीको’, तिले सांगतो. पहिल्यांदा वर्गात ऐकलं तेव्हा मला तुमची आठवण आली. मी कोणालाच सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, त्याच दिवशी, तुम्हाला.”

रुपरावांनी पुढं वाकून अक्षरं पाहिली. अर्थाआधी वळण पाहायची खोड जन्माची. ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. “असे का,” ते म्हणाले. “म्हणजे तिकडचे लोकही आपलेच आहेत.”

हसू आलं, पण ‘आहेत’ काही हटलं नाही. खोडलेलं अक्षर पुन्हा काढायचं नाही, हे त्या माणसाच्या हाडात गेलेलं. सांगून, समजावून ते परत येणार नव्हतं. मग वंदनानं जे करायची तिला आयुष्यात सगळ्यात जास्त भीती होती ते केलं. तिनं स्वतःच तोंड उघडलं.

“बाबा, मले...” जीभ अडखळली. इटालियन फाडफाड बोलणाऱ्या बाईची जीभ आपल्याच शब्दाला अडखळली. “मले तुमचा आवाज पाह्यजे. सिनेमासाठी नाही. माह्यासाठी. मी... मी तुम्हाले मागून राहिली आहे.”

रुपरावांच्या कपाळावर आठी पडली. वाकड्या अक्षराकडे पाहताना पडायची तीच.

“‘आहे’ काहून लावते वं त्याले?”

पायरीवर श्रीधरचा चहाचा कप अर्ध्यात थांबला.

“मागून राहिली,” रुपराव म्हणाले. “बस. तिथंच संपते ते. त्याच्यामांगं ‘आहे’ लावलं का लंगडते. म्हण.”

“मागून राहिली.”

“हां. आता जमलं.”

आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. लेकीकडे पाहिलं. ती ओठ चावत नव्हती, छताकडे पाहत नव्हती. ती लहानपणी दोरीचं टोक धरून उभी राहायची, तशी वाट पाहत होती. रुपराव हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी प्याले, पुन्हा हसले. “तुही माय मले म्हणे,” ते म्हणाले, “पोरीशी बोलता का कोण्या मास्तराशी? फोन ठेवला का माह्यी नक्कल करे. ‘तुझे जेवण झाले का?’ लय हासे.”

श्रीधरनं कधी मशीन सुरू केलं, कोणाला कळलं नाही. या वेळी कळण्याची गरजही नव्हती, माइक समोरच ठेवलेला होता आणि रुपराव त्याच्याकडे पाहूनच बोलत होते. दीड तास बोलले. सायकलवर शिडी बांधून काटोलला गेले ते, ‘आरोग्य’तला ‘ग्य’ फसला म्हणून अख्खा बोर्ड पुन्हा रंगवला ते, रुखमाबाईच्या हातची भाकर आणि तिचं ते पॉलिश. मध्येच उठले, डब्यातून दोरी काढली, खडू फासला.

“धर वं वंदू. ढिली नोको सोडू.”

वंदनानं टोक धरलं. तिला रडू आलं. आलं तर आलं. दोन्ही हातांनी दोरी ताणून धरलेली, डोळे पुसायला हात कुठून आणायचा? फट् आवाज झाला, आणि कोऱ्या बोर्डावर रेघ उमटली.

गुरुवारी ऑपरेशन झालं, नीट झालं. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टर म्हणाले. गळ्याला पट्टी, श्वासाला नळी, नाकातून अन्नाची नळी. लिहिण्यासाठी वंदनानं पाटी-पेन्सिल आणून उशाशी ठेवली होती, पण पहिले तीन दिवस त्यांनी पाटीला हात लावला नाही. झोपेत असत, नाहीतर खिडकीकडे बघत. डोळ्यांत काय चाललं होतं ते तिला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, गेलं सगळं. दीड तासाचं तेवढं आपल्याजवळ राहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटी मागितली. पोटावर धरून सावकाश लिहायला लागले. आधी वरची आडवी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं. जुनी सवय. लिहून झाल्यावर पाटी तिच्याकडे वळवली.

“मले चष्मा दे वं. अक्षर वाकडं येऊन राहिलं.”

वंदना ते वाचत राहिली. पुन्हा वाचलं. त्यांनी अधीर होऊन बोटानं टेबलावर ठोकलं तेव्हा कुठं तिला चष्म्याची आठवण झाली. तिनं तो काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

रुपरावांनी पाटी लांब धरून पाहिली. ओल्या बोटानं ‘वाकडं’ पुसलं आणि सरळ करून पुन्हा लिहिलं. वरच्या ‘मले’ला हात लावला नाही.